एच-इंडेक्स मोठा म्हणजे डॉक्टर चांगला काय? हार्मोनवाल्या संशोधकांचे आकडे कसे वाचायचे

सप्टेंबर आला की एक बातमी दरवर्षी येते, गणपतीच्या आगेमागे. 'जगातल्या टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांत आपल्या अमुक डॉक्टरांचा समावेश.' सोबत शाल, हार, मोठा बुके घेतलेला फोटो, आणि शेवटच्या दोन ओळीत सायटेशन इतके, एच-इंडेक्स इतका. व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाच्या फुलांचा पाऊस पडतो आणि त्या आकड्यांचा अर्थ काय हे एकजणही विचारत नाही, कारण विचारायला लाज वाटते.

गेल्या वर्षी असं एक कात्रण एका एंडोक्रिनॉलॉजिस्टचं होतं. मी ते वाचत बसलेलो, आई मागून डोकावली. "मोबाइलात काय बघूलालास?" मी दाखवलं. तिला थायरॉइड, त्यामुळं हार्मोनचा डॉक्टर म्हटल्यावर तिनं चष्मा लावूनच वाचलं. "दोन टक्के म्हणजे काय रे? हा डॉक्टर चांगला हाय काय? माझं थायरॉइड ह्याला दाखवूया की."

आता मी इथल्या, म्हणजे बेळगावातल्या, एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करतो. प्राध्यापकांच्या प्रोफाइल भरून देणं, कुणाचे किती सायटेशन झाले ते काढून देणं, हे माझं निम्मं काम. तरी आईला नीट सांगता येईना. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर त्या डॉक्टरवर अन्याय. त्या दिवशी न जमलेलं उत्तर इथं लिहून काढतोय.

आधी हा डॉक्टर नेमका कशाचा

एंडोक्रिनॉलॉजी म्हणजे हार्मोनचं शास्त्र. गळ्यातली थायरॉइड, पोटातलं स्वादुपिंड, मेंदूखालची वाटाण्याएवढी पिट्युटरी, किडनीवर टोपीसारखी बसलेली ॲड्रिनल, ह्या ग्रंथी रक्तात थेट रसायनं सोडतात आणि ती लांब कुठंतरी जाऊन काम करतात. त्या रसायनांना हार्मोन हे नाव १९०५ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञानं दिलं. शुगर, थायरॉइड, पीसीओडी, उंची न वाढणं, हाडं ठिसूळ होणं, हे सगळं ह्याच खात्यात.

ह्यातले काही डॉक्टर पेशंट बघतात, काही संशोधन करतात, काही दोन्ही करतात. बातमीतला आकडा फक्त संशोधनाचा असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

सायटेशन म्हणजे 'तुका म्हणे'

संशोधक जे काही शोधतो ते लेख लिहून छापतो, त्याला पेपर म्हणायचं, आणि असे पेपर छापणाऱ्या मासिकाला जर्नल. पुढं दुसरा कुणीतरी आपला पेपर लिहिताना म्हणतो की ही गोष्ट आधी अमक्यानं दाखवली आहे. तो उल्लेख म्हणजे सायटेशन. कीर्तनात बुवा निरूपण करता करता अभंग घेतात आणि शेवटी 'तुका म्हणे' येतंच, म्हणजे हे माझं नव्हे, तुकोबांचं. किती बुवांनी किती कीर्तनांत तो अभंग घेतला हे कुणी वहीत लिहून ठेवलं असतं तर ती त्या अभंगाची सायटेशन झाली असती.

गंमत अशी की ही वही सुरू करणाऱ्याच्या डोक्यात माणसांना मार्क देणं नव्हतंच. युजीन गारफिल्ड ह्या अमेरिकन माणसानं १९५५ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स काढला. त्याला ती सुचली वकिलांच्या पुस्तकावरून. तिकडं वकिलांकडं एक जुनी सूची असायची, अमुक निकाल पुढं कुठल्या कुठल्या खटल्यात वापरला, उचलून धरला की फिरवला, हे शोधायला. आपल्या कोर्टातले वकीलसुद्धा जुना निकाल काढला की आधी तो अजून टिकून आहे काय ते बघतात, तसंच. म्हणजे मुळात ही वाट शोधायची खूण होती, आणि आपण तिची वजनकाट्यासारखी सवय लावून घेतली.

एच-इंडेक्स, मामाच्या साड्यांवरून

माझ्या मामाचा वडगावात माग होता. त्याच्याकडं दहा डिझाइनं होती असं धरा, आणि प्रत्येक डिझाइनची किती वेळा ऑर्डर आली ते मोठ्यापासून लहान लिहिलं: ४०, २२, १५, ९, ७, ६, ३, १, ०, ०. एकूण ऑर्डरी १०३. आता वरून मोजत या. पहिल्या डिझाइनला किमान १ ऑर्डर आहे काय, आहे. दुसऱ्याला किमान २, आहे. असं करत सहाव्याला किमान ६, आहे, काठावर का होईना. सातव्याला ७ पाहिजेत, आहेत ३, संपलं. मामाचा एच-इंडेक्स ६.

डिझाइनच्या जागी पेपर आणि ऑर्डरच्या जागी सायटेशन घाला, झालं. एच-इंडेक्स ३० म्हणजे त्या माणसाचे ३० पेपर असे आहेत की प्रत्येकाचा उल्लेख निदान ३० वेळा झालाय. हे माप २००५ मध्ये जॉर्ज हिर्श ह्यांनी काढलं, आणि ते डॉक्टर नव्हेत, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, कॅलिफोर्नियातले. गुगल स्कॉलरवर, म्हणजे पेपर आणि त्यांचे सायटेशन शोधायच्या गुगलच्या साइटवर, त्याच्याच खाली आय-टेन नावाचा आकडा दिसतो, तो आणखी सोपा: दहा किंवा जास्त सायटेशन मिळालेले पेपर किती. मामाच्या हिशेबात तीन.

आता शेजारचा दुसरा माग घ्या. त्याच्या एकाच डिझाइनला ५०० ऑर्डरी, बाकी सगळी पडून. त्याचा एच-इंडेक्स १. आणि तिसऱ्याची दहाच्या दहा डिझाइनं प्रत्येकी ८ वेळा गेली, एकूण ८०, म्हणजे मामापेक्षा कमी, पण एच-इंडेक्स ८, मामापेक्षा जास्त. ह्यात शहाणा कोण? गल्लीला विचारलं तर ५०० वाल्याला डोक्यावर घेतील. हिर्शचं माप तिसऱ्याला वर बसवतं, कारण ते सातत्य बघतं, एखादा फटाका बघत नाही. एच-इंडेक्स चुकीचा नाही, त्यानं एक बाजू धरलीय, एवढंच.

आणखी एक, हा आकडा कधी खाली येत नाही. माणूस रिटायर होऊन घरी तुळशीला पाणी घालत बसला तरी जुने पेपर कुणीतरी वापरतं आणि आकडा वाढतो. म्हणून साठीतल्या प्रोफेसरची पस्तिशीतल्या पोराशी तुलना करायची नसते, तरी सिलेक्शन कमिटीत सर्रास करतात.

ती दोन टक्क्यांची यादी

बातमीत 'स्टॅनफर्ड विद्यापीठाची यादी' म्हणतात. खरं तर ती तिथले प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी काढतात, २०१९ पासून, एल्सेव्हियर कंपनीच्या स्कोपस ह्या डेटाबेसवरून. विद्यापीठानं दिलेला तो पुरस्कार नव्हे. अर्ज नसतो, मुलाखत नसते, कुणी पेपर उघडून वाचत नाही. कॉम्प्युटर मोजतो.

मोजतो काय? सहा आकड्यांची भेळ. एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांत वाटून काढलेला एच-इंडेक्स, आणि मग एकट्यानं लिहिलेल्या, एकट्यानं किंवा पहिल्या नावानं लिहिलेल्या, आणि त्यात शेवटच्या नावाचे मिळवलेल्या अशा पेपरांचे सायटेशन. ही नावाच्या जागेची भानगड काय ते खाली सांगतो. विज्ञानाचे १७४ उपविषय केलेत, एंडोक्रिनॉलॉजी आणि मेटाबॉलिझम हा त्यातला एक. सगळ्यांत मिळून पहिल्या एक लाखात किंवा आपल्या उपविषयात पहिल्या दोन टक्क्यांत असाल तर यादीत नाव. निदान पाच पेपर असलेल्यांतूनच ही टक्केवारी निघते.

आणि याद्या दोन असतात. एक सगळ्या कारकिर्दीची, एक फक्त एका वर्षाची. बातमीत कुठली ते बहुतेक वेळा लिहीत नाहीत. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक, कारण एखादं वर्ष कुणाचंही चांगलं जातं. पुढच्या वेळी कात्रण आलं तर अभिनंदन करा, आणि मग हळूच विचारा, कुठली यादी सर.

पाटील किती आहेत?

हे माझ्या टेबलावरचं. एका कॉलेजातल्या मॅडम थायरॉइडवर काम करतात, आडनाव पाटील. त्यांनी प्रोफाइल बनवून घ्यायला मला लॉगिन दिलं. उघडलं तर थायरॉइडच्या पेपरखाली उसाच्या खोडकिडीचा एक, त्याखाली सिमेंटच्या बीमला तडे कसे जातात त्याचा एक, मग परत थायरॉइड. एस. पाटील म्हटल्यावर कॉम्प्युटरनं जे सापडले ते सगळे एस. पाटील एका पोत्यात भरले होते. मॅडम हसून म्हणाल्या, "राहू देत की, आकडा वाढूलालाय." मग स्वतःच म्हणाल्या, काढा काढा. तासभर लागला. चाळीसेक पेपर गेले आणि एच-इंडेक्स निम्म्याला आला, पण त्यांचा चेहरा मोकळा झाला.

ह्याच्यावर उपाय म्हणून २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा आकडी नंबर मिळतो, फुकट, संशोधकाचं आधार कार्डच म्हणा. आपल्या भागात तर हे जास्तच लागतं. मराठी पद्धतीनं नाव, बापाचं नाव, आडनाव, आणि कानडी पद्धतीनं आधी इनिशियल मग नाव, त्यामुळं एकाच माणसाचे दोन पेपर दोन माणसांचे वाटतात. त्यात शहराचं स्पेलिंग. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं बेळगावचं बेळगावी केलं, त्यावरून आपल्याकडं जे व्हायचं ते झालं, पण लायब्ररीत त्याचा अर्थ एवढाच की कॉलेजचे जुने पेपर एका स्पेलिंगखाली आणि नवे दुसऱ्या. मी दोन्ही टाकून शोधतो. राजकारण बाहेर, सर्च बॉक्सात दोघांनाही जागा.

शंभर लेखकांचा पेपर कुणाचा?

मेडिकलच्या पेपरात नावांचा क्रम म्हणजे लग्नपत्रिकेतल्या नावांसारखा असतो, जागेला अर्थ असतो. पहिलं नाव बहुतेक वेळा प्रत्यक्ष राबलेल्याचं, शेवटचं त्या टीमच्या म्होरक्याचं. मधली नावं म्हणजे मदत केलेली मंडळी, कधी भरपूर केलेली, कधी 'आमचे येथे श्रीकृपेकरून' छापाची.

शुगरच्या विषयात हे फार महत्त्वाचं. २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाब नावाचा देशभराचा अभ्यास छापून आला, ३१ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, १ लाख १३ हजारांवर माणसं तपासली, आणि निघालं की भारतात १०.१ कोटी लोकांना डायबिटीस आहे आणि आणखी १३.६ कोटी काठावर आहेत. पेपरात पहिलं नाव चेन्नईच्या डॉ. अंजना ह्यांचं. आता झालंय असं की शुगरवर कुणीही भारतीय माणूस काहीही लिहायला बसला की पहिलीच ओळ 'भारतात १०.१ कोटी', आणि तिथं ह्या पेपरचा उल्लेख. सायटेशन धो धो. ते योग्यच आहे, एवढं मोठं काम आहे ते. पण अशा पेपरात नाव असलेल्या प्रत्येकाच्या खात्यात तेवढेच सायटेशन पूर्ण जमा होतात, वाटून नाही. भिशीत वीस जणांनी पैसे घातले आणि प्रत्येकाच्या पासबुकात पूर्ण रक्कम दिसली, तसं. म्हणून कुणाचा आकडा फार मोठा दिसला की मी आधी बघतो, ह्यात पहिल्या किंवा शेवटच्या जागेवरचे किती.

जास्त सायटेशन म्हणजे काम मोठं, नाही काय?

कधी कधी. जगात सगळ्यात जास्त सायटेशन मिळालेला पेपर १९५१ चा आहे, ऑलिव्हर लोवरी ह्यांचा, तीन लाखांच्या वर. ना कुठला रोग बरा झाला, ना कुठलं कोडं सुटलं. द्रावणात प्रोटीन किती आहे हे मोजायची एक सोयीची पद्धत. लोवरी स्वतःच म्हणायचे की हा काही माझा थोर पेपर नव्हे. पण प्रयोगशाळेत रोज लागणारी गोष्ट, मग उल्लेख करावाच लागतो. आपल्या विषयातलं असंच उदाहरण म्हणजे १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या मंडळींनी दिलेलं होमा नावाचं सूत्र, उपाशीपोटीची शुगर आणि इन्सुलिन ह्या दोन आकड्यांवरून शरीर इन्सुलिनला किती दाद देतंय ते काढायचं. स्वस्त, सोपं, म्हणून हजारो पेपरात. विळ्यासारखं, भाजी कुठलीही असो, विळा लागतोच.

उलट टोकाला अँड्र्यू वेकफिल्डचा १९९८ चा पेपर, लसीमुळं ऑटिझम होतो अशी भीती पसरवणारा. लॅन्सेट जर्नलनं २०१० मध्ये तो रद्द केला. त्यालाही सायटेशन भरपूर, बहुतेक 'हे चूक आहे' असं सांगणारे. मोजणाऱ्या यंत्राला शिवी आणि ओवी सारखीच.

आणि लहान असूनही मोठं? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, शुगरच्या संशोधनात जगभर माहीत असलेलं नाव. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या प्रा. युडकिन ह्यांनी लॅन्सेटमध्ये एक पानाचा मजकूर छापला. दोघांचे फोटो शेजारी शेजारी, दोघांचा बीएमआय २२.३, म्हणजे उंचीच्या मानानं वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. झालं, एवढंच. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून बारीक नसतो, हे एका फोटोनं जगाला कळलं. दोन्ही नावं वाय अक्षरानं सुरू होतात म्हणून त्याला वाय-वाय पॅरडॉक्स म्हणतात. आमच्याकडं कुंदा खाऊन "मी कुठं जाड आहे" म्हणणारे जे बरेच आहेत त्यांनी तो फोटो घरात लावावा. मुद्दा हा की पानं मोजली तर एक, पेपर मोजले तर एक.

स्वतःच स्वतःचं नाव घेतलं तर?

घेतात. त्याला सेल्फ-सायटेशन म्हणतात आणि त्यात लगेच चोरी बघायला नको. वीस वर्षं एकाच गावातल्या मुलांची वाढ मोजणारा माणूस नव्या पेपरात स्वतःचे जुने पेपर सांगणारच, दुसरं कुणी ते केलेलंच नसतं. त्रास तेव्हा, जेव्हा चार दोस्त ठरवून एकमेकांची नावं घालतात, तू माझ्या लग्नात आहेर कर मी तुझ्या. दोन टक्क्यांच्या यादीत सेल्फ-सायटेशन धरून आणि वगळून असे दोन्ही हिशेब दिलेले असतात, बातमीत ते कधी येत नाही एवढंच.

जर्नलचंही असंच माप आहे, इम्पॅक्ट फॅक्टर. मागच्या दोन वर्षांत त्या जर्नलनं छापलेल्या लेखांना ह्या वर्षी सरासरी किती सायटेशन मिळाले, इतकंच. ते हॉटेलचं रेटिंग आहे, तुमच्या ताटातल्या उपम्याचं नव्हे. २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला संशोधक-संपादक मंडळींनी जाहीरनामा काढून सांगितलं की माणसाला नोकरी-बढती देताना हे हॉटेलचं रेटिंग लावू नका, आणि त्यावर जगभर सह्या झाल्या. आमच्याकडच्या फॉर्मात अजून तो रकाना आहे. मी दरवर्षी भरतो.

जे मोजलंच जात नाही

१९५६ च्या सुमाराला डॉ. व्ही. रामलिंगस्वामी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात गेले. तिथं गावंच्या गावं गलगंडाची, गळ्याला लोंबणारी गाठ, कारण मातीत-पाण्यात आयोडीन नाही आणि थायरॉइडला ते लागतंच. त्यांच्या टीमनं खोऱ्याचे भाग पाडले, काही भागात आयोडीन घातलेलं मीठ पुरवलं, एका भागात साधं. काही वर्षांत आयोडीनवाल्या भागातली गलगंडं उतरली, साध्या मिठाच्या भागात तशीच राहिली, मग तिथंही आयोडीनचं मीठ दिलं. १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज खानापुरातल्या शेवटच्या वाडीवरच्या दुकानात मिठाची पुडी घेतली तरी त्यावर आयोडीन लिहिलेलं असतं. आमटीत मीठ टाकताना कुणी सायटेशन देत नाही.

आणखी एक कथा मला फार आवडते. न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन ह्यांना दिसलं की इन्सुलिन घेणाऱ्या पेशंटच्या रक्तात इन्सुलिनविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. १९५५ मध्ये पेपर पाठवला, जर्नलनं परत पाठवला, इन्सुलिनसारख्या छोट्या रेणूविरुद्ध अँटिबॉडी कशी होईल म्हणून. शेवटी शीर्षकातला अँटिबॉडी शब्द काढला तेव्हा १९५६ मध्ये छापला. त्यातूनच पुढं रक्तातलं अतिसूक्ष्म हार्मोन मोजायची पद्धत निघाली, आणि १९७७ मध्ये यालोंना नोबेल मिळालं, बर्सन तोवर वारले होते. बाईंनी ते नकाराचं पत्र जपून ठेवलं आणि नोबेलच्या भाषणात लोकांना दाखवलं. आज लॅबमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करतात ते त्याच पद्धतीच्या नातवंडांनी. आईच्या प्लास्टिक पिशवीत अशा रिपोर्टांची चळत आहे, कुठल्याही रिपोर्टवर यालोंचं नाव नाही. तसंच इन्सुलिनचं, १९२२ चा टोरोंटोचा मूळ पेपर आता कोण सांगत बसतो? शोध इतका घरचा झाला की घर कुणी बांधलं ते विसरलं. सगळ्यात मोठ्या कामाचा हिशेब असाच बुडतो.

आपल्या बेळगावातलं एक

लांबचं पुरे. २००२ ते २००५ दरम्यान बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक अभ्यास झाला, जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी अमेरिकन संशोधकांबरोबर केलेला. विषय बाळंतपणाचा, पण हार्मोनच्या चुलत घराण्यातलाच, कारण मिसोप्रोस्टॉल ही गोळी प्रोस्टाग्लँडिन ह्या हार्मोनसारख्या रसायनाची. बाळंतपणानंतर जास्त रक्त जाऊन बायका दगावतात, इंजेक्शन प्रत्येक गावात नसतं, फ्रिज नसतो, तर तोंडानं घ्यायची गोळी चालेल काय? १६२० बायका, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. बाळंतपणं केली ती २५ सिस्टरबाईंनी, एएनएम, घरात नाहीतर उपकेंद्रात. रक्त डोळ्यांनी अंदाजून चालणार नव्हतं, म्हणून बाळंतिणीखाली खुणा केलेलं प्लास्टिक अंथरायचं, रक्त त्याच्या पिशवीत उतरायचं आणि रेषेवर आकडा वाचायचा. जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. २००६ मध्ये लॅन्सेटला छापलं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ह्या कामासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, त्यामागे जे पुरावे होते त्यात आपल्या खेड्यातल्या ह्या अभ्यासाचा मोठा वाटा.

ज्यांची नावं पेपरावर, त्यांच्या खात्यात सायटेशन गेले, जायलाच पाहिजेत. पण रात्री दोनला कंदिलाच्या उजेडात ती रेष वाचणाऱ्या सिस्टरचा एच-इंडेक्स शून्य.

मग हे आकडे फेकूनच द्या की

असं म्हणणारे माझ्या टेबलासमोर रोज दोन तरी येतात, बहुतेक ज्यांचा आकडा कमी आहे ते. मी त्यांना विचारतो, आकडा नको तर काय पाहिजे? ह्याच्या आधी काय होतं ते मला माहीत आहे: ओळख, वशिला, 'आपल्यातला' आहे काय, कुठल्या भाषेचा आहे काय. सीमाभागात राहून हे मला कुणी शिकवायला नको. कोपऱ्यातल्या कॉलेजातला, कुणाचा पुतण्या-भाचा नसलेला पोरगा आपला गुगल स्कॉलरचा कागद टेबलावर ठेवू शकतो, ही लहान गोष्ट नाही.

फक्त वाचताना विषय बघा. शुगरवर जगात प्रचंड लोक लिहितात, म्हणून तिथं शंभर सायटेशन सहज होतात. पिट्युटरीच्या एखाद्या दुर्मिळ गाठीवर काम करणारे मूठभर, तिथं तीस म्हणजे सगळ्या भावकीनं दखल घेतली. म्हणूनच विषयाची सरासरी १ धरून तुलना करायचं वेगळं माप निघालंय, १.५ असेल तर जगाच्या सरासरीपेक्षा दीडपट. आणि आईसारख्या पेशंटला समजेल असा मराठीत किंवा कानडीत लेख लिहिला तर ह्यातल्या कुठल्याच मापात एक पैसाही जमा होत नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

आईचा प्रश्न

शेवटी आईला मी त्या यादीतल्या डॉक्टरकडं नेलं नाही, अपॉइंटमेंट दोन महिन्यांनंतरची होती. नेहमीच्याच डॉक्टरकडं गेलो. टीएसएच वाढलेला, म्हणजे गोळी कमी पडतेय, आणि गोळीचा डोस आधीच दोनदा वाढवून झालेला. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मावशी, पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढा." आईनं काढल्या. थायरॉइडची बाटली आणि तिला रबर लावून बांधलेली कॅल्शियमची स्ट्रिप. विसरायला नको म्हणून दोन्ही पहाटे सहाला एकाच घोटात. डॉक्टरांनी रबर काढला. डोस आहे तोच ठेवला. थायरॉइडची सकाळी उपाशीपोटी, कॅल्शियम रात्री जेवून, मध्ये चार तास तरी पाहिजेत, असं चिठ्ठीवर लिहून दिलं. दोन महिन्यांनी टीएसएच जागेवर.

कॅल्शियममुळं थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, हे २००० मध्ये अमेरिकेतल्या जामा जर्नलात छापून आलेलं, तीन महिने कॅल्शियम देऊन केलेला अभ्यास, पेशंट फक्त वीस. आमच्या डॉक्टरांनी तो पेपर वाचला असेल, नाहीतर कॉलेजात सरांकडून ऐकलं असेल, नाहीतर पुस्तकात. ते चिठ्ठीवरचं वाक्य कुठल्याच डेटाबेसात सायटेशन म्हणून चढलेलं नाही.

मी आईला हे सगळं सांगितलं. "वीसच माणसं काय?" एवढंच म्हणाली, आणि कॅल्शियमची स्ट्रिप देव्हाऱ्याजवळच्या डबीतून काढून लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली, रात्री जेवताना दिसावी म्हणून.